खांबाला बसेल असा स्वेटर: यार्न बॉम्बिंग पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

दिव्याचा खांब, झाडाचं खोड, पुलाचा कठडा, बाकाचा हात अशा सार्वजनिक जागेतल्या वस्तूंना विणलेलं किंवा क्रोशाचं आवरण चढवणं म्हणजे यार्न बॉम्बिंग. २००५ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात मॅग्डा सायेग यांनी आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला एक छोटा विणलेला तुकडा चढवला. येणारे-जाणारे थांबून तो बघू लागले, हात लावू लागले. मग त्यांनी रस्त्यावरच्या ‘थांबा’ फलकाच्या खांबालाही तसंच आवरण घातलं. आज जगभर जे चालतं त्याची सुरुवात साधारण तिथून धरतात. ११ जून हा यार्न बॉम्बिंगचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून २०११ पासून पाळला जातो.

सुलट-उलट विणता येत असेल तर या कामाची सोपी बाजू तुम्हाला आधीच येते. कस लागतो तो दोन ठिकाणी: आवरण वस्तूच्या अंगाला घट्ट बसवताना आणि ते वेळेवर उतरवताना. सैल बसलेलं आवरण दोन दिवसांत घसरून खांबाच्या पायाशी गोळा होतं. वेळेवर न उतरवलेलं आवरण फिकट, चिखलानं माखलेली चिंधी होतं आणि लोकांच्या मनात तेच राहतं. म्हणून लोकर विकत घेण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा: वस्तूचं माप आणि उतरवायची तारीख.

जागा आणि परवानगी

पहिल्या कामासाठी गुळगुळीत, सरळ, गोल खांब घ्या, ज्याचा घेर ३० ते ४० सेंटिमीटर आहे आणि ज्यावर छातीच्या उंचीच्या आसपास एखादा पट्टा, बोल्ट, फलकाची पकड असं काहीतरी बाहेर आलेलं आहे. त्या उंचवट्याचं महत्त्व पुढे कळेल. झाड, बाक आणि कठडा दुसऱ्या-तिसऱ्या कामासाठी ठेवा.

काही वस्तूंना हातच लावायचा नाही. वाहतुकीचे दिवे आणि फलकांचे दर्शनी भाग, आग विझवण्याच्या पाण्याचे नळ, विजेच्या पेट्या, रात्री चमकणाऱ्या पट्ट्या, कॅमेरे या सगळ्यांचं काम दिसण्यावर किंवा पटकन हाताशी येण्यावर अवलंबून असतं. जिन्याचे आणि उतारांचे कठडेही सोडा: ज्यांना आधार लागतो त्यांचा हात लोकरीवरून सरकतो आणि दृष्टिहीन व्यक्तींसाठी कठड्यावर कोरलेल्या खुणा झाकल्या जातात. जमिनीलगतच्या किंवा जाहिरातीच्या पेटीतल्या तापणाऱ्या दिव्यांजवळ ॲक्रिलिक नको, कारण ते उष्णतेनं वितळतं आणि पेटलं तर चिकटून जळतं. स्मारकं आणि पुतळे यांच्याशी लोकांच्या भावना जोडलेल्या असतात, तिथे परवानगीशिवाय काहीही चढवू नका.

परवानगीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: ती घ्या. ही कला विनापरवाना सुरू झाली हे खरं, आणि बरेच जण आजही रात्री गुपचूप लावतात. पण रस्त्यावरचा प्रत्येक खांब कुणाच्या तरी मालकीचा असतो आणि काढता येण्याजोगी वस्तू लावली तरी बऱ्याच ठिकाणच्या नियमांत ते विद्रूपीकरण किंवा कचरा टाकणं यात बसू शकतं. डिसेंबर २०१० मध्ये ओलेक या कलावतीनं न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटजवळच्या प्रसिद्ध बैलाच्या पुतळ्याला पूर्ण क्रोशाचा अंगरखा विनापरवाना चढवला. काही तासांतच तो कापून काढण्यात आला. अनुभवी कलावंताला तो धक्का पचवता येतो. तीन आठवडे खपून विणलेलं पहिलंच काम सफाई कर्मचाऱ्याच्या पोत्यात गेलं, तर नवखा माणूस सहसा पुन्हा सुया हातात घेत नाही.

अर्ज एका पानाचा पुरतो. त्यात वस्तू कोणती आणि तिचा फोटो, आवरणाचं माप, ते कशानं बांधणार (‘फक्त लोकरीनं शिवून, खिळा, गोंद, तार नाही’ हे वाक्य अर्जाला फार मदत करतं), लावण्याची आणि काढण्याची तारीख, देखभाल कोण करणार आणि संपर्क कोणाशी करायचा, एवढं लिहा. काढण्याची तारीख आधीच दिलेल्या अर्जाला होकार मिळायची शक्यता खूपच वाढते.

माप घेणं

शिवणकामाची मऊ टेप घ्या. लोखंडी टेप गोल वस्तूवर नीट बसत नाही. सरळ खांबाचा घेर तीन ठिकाणी मोजा: जिथे आवरण सुरू होणार तिथे, मधोमध आणि जिथे संपणार तिथे. खांब सरळ दिसला तरी बरेच खांब वर निमुळते होत जातात आणि डोळ्यांना ते कळत नाही. बोल्ट, पट्टे, सांधे कुठे आहेत त्याची जमिनीपासूनची उंची लिहून ठेवा. वस्तूचा फोटो काढताना टेप धरूनच काढा. घरी बसून विणताना तो फोटो फार उपयोगी पडतो.

आवरणाची खालची कड जमिनीपासून किमान १५ ते २० सेंटिमीटर वर ठेवा. त्याच्या खाली असलेला भाग पावसाचे शिंतोडे, धूळ आणि कुत्री यांच्या तावडीत जातो आणि सगळ्यात आधी तोच कुजका दिसू लागतो.

लोकर

बाहेरच्या कामासाठी ॲक्रिलिक वापरा. त्याचा धागा स्वतः फारसं पाणी पीत नाही, रंग उन्हात बऱ्यापैकी टिकतो, कसर लागत नाही आणि ते स्वस्तही असतं. मेंढीची लोकर ओली झाली की जड होते, दिवसेंदिवस ओलीच राहते आणि घासली जाईल तिथे तिचा नमदा बनतो. सुती धागा पाणी भरपूर धरतो आणि स्वतःच्या वजनानं ताणून लोंबतो, ओल राहिली तर त्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात. एखाद्या आठवड्याच्या कामासाठी सुती चालेल, महिन्याच्या कामासाठी नाही.

ॲक्रिलिक शेवटी प्लॅस्टिकच आहे आणि जुनं झालं की त्यातून बारीक तंतू सुटून मातीत जातात. म्हणूनही ते झिजायच्या आत उतरवणं गरजेचं. घरात उरलेले गुंडे, उसवलेले जुने स्वेटर वापरले तर नवं प्लॅस्टिक विकत घ्यायलाही लागत नाही. मात्र उरलेल्या गुंड्यांची जाडी सारखी नसते. बारीक लोकरीचे दोन धागे एकत्र धरून विणा म्हणजे जाडी जुळते. जुळते की नाही हे अंदाजानं ठरवू नका, दोन्हींचे छोटे तुकडे विणून शेजारी ठेवा.

रंग निवडताना दहा पावलं मागे जाऊन बघायची सवय लावून घ्या. हातात धरल्यावर सुंदर दिसणारी जाळीची वीण, वेणीचे पीळ, दोन-दोन ओळींचे नाजूक पट्टे रस्त्यावरून चालणाऱ्याला दिसतच नाहीत. पट्टा किमान ५–६ सेंटिमीटर रुंद हवा आणि शेजारचे रंग एकमेकांपासून ठळक वेगळे हवेत. झाडावर हिरवा आणि तपकिरी हरवतो, लोखंडी खांबावर करडा. पिवळा, नारिंगी, गडद गुलाबी, मोरपंखी हे लांबून ओढ लावणारे रंग. झगझगीत फ्लुरोसंट रंग पहिल्या दिवशी सगळ्यांत उठून दिसतात आणि उन्हात सगळ्यांत आधी विटतात, तेव्हा ते थोड्या दिवसांच्या कामासाठी राखून ठेवा.

नमुना आणि हिशेब

हा टप्पा टाळायचा मोह होतो आणि बिघडलेल्या आवरणांपैकी बहुतेक इथेच बिघडतात. मध्यम जाडीची लोकर आणि ५ मिलिमीटरच्या सुया घ्या, २७ टाके घाला आणि एक ओळ सुलट, एक उलट असं साधारण १५ सेंटिमीटर विणा. (बऱ्याच घरांत ओळीला ‘सुई’ म्हणतात: एक सुई सुलट, एक सुई उलट. इथे गोंधळ नको म्हणून आपण ओळच म्हणू.) टाके बंद करा, तुकडा पाण्यात भिजवा, पिळून सपाट वाळवा. मग कडा सोडून मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी येतात ते मोजा. समजा १८ टाके आणि २४ ओळी आल्या.

आता समजा खांबाचा घेर ३६ सेंटिमीटर आहे आणि आवरण १ मीटर उंच करायचं आहे. आवरण खांबाच्या घेराइतकं विणायचं नाही, दहा टक्के कमी विणायचं. ताणूनच ते खांबाला धरून बसतं. ३६ चे दहा टक्के वजा केले की साधारण ३२.४ सेंटिमीटर. दर सेंटिमीटरला १.८ टाके, म्हणजे ५८ टाके. शिवणीत दोन्ही बाजूंचा एकेक टाका आत जातो म्हणून आणखी २. एकूण ६०. उंचीसाठी १०० सेंटिमीटर गुणिले २.४, म्हणजे २४० ओळी. सगळे मिळून १४,४०० टाके. मिनिटाला २० टाके विणणाऱ्याला याला १२ तास लागतात. तारीख ठरवताना हा आकडा समोर ठेवा.

लोकर किती लागेल हेही नमुनाच सांगतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तो ठेवा. १५ बाय १५ चा, म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटरचा तुकडा १० ग्रॅम भरला असेल, तर ३२.४ बाय १०० म्हणजे ३,२४० चौरस सेंटिमीटरला १४४ ग्रॅम लागेल. शिवण, बांधायच्या दोऱ्या आणि पुढची डागडुजी यांसाठी पंधरा टक्के जादा धरा, म्हणजे साधारण १६५ ग्रॅम. डागडुजीची लोकर त्याच गुंड्यातली बाजूला काढून ठेवा, नंतर हुबेहूब तोच रंग मिळेलच असं नाही.

एक शेवटची परीक्षा. नमुना पुन्हा ओला करा आणि वरची कड चिमट्यात धरून रात्रभर टांगून ठेवा. सकाळी तो लांबीला किती वाढला ते बघा. पावसात तुमच्या आवरणाचंही थोड्याफार प्रमाणात तेच होणार आहे. फारच लोंबला तर अर्धा मिलिमीटर बारीक सुई घ्या.

विणताना

सुरुवातीचे आणि शेवटचे ५ सेंटिमीटर दोन सुलट, दोन उलट असे विणा, स्वेटरच्या मनगटाला विणतो तसे. याचे दोन फायदे. ही वीण आपोआप आकसते आणि खांबाला पकडते. शिवाय साध्या सुलट-उलट विणीच्या वरच्या-खालच्या कडा गुंडाळल्या जातात, ते इथे होत नाही. मधला भाग साधा ठेवा आणि सगळी कल्पकता रंगांत वापरा.

वीण सैल ठेवली तर काम भरभर होतं, पण ताणल्यावर टाक्यांतून खांब दिसतो आणि दप्तराची कडी, नख, सायकलचं हँडल त्या भोकांत अडकून धागा ओढला जातो. नमुना उजेडासमोर धरून दोन्ही हातांनी ताणा. पलीकडचं स्पष्ट दिसत असेल तर वीण फार सैल आहे.

रंग बदलताना किमान १५ सेंटिमीटरचं टोक सोडा. ॲक्रिलिक गुळगुळीत असल्यानं टोकं निसटतात. ती विणीच्या मागच्या बाजूनं आधी एका दिशेला ५ सेंटिमीटर, मग उलट दिशेला तेवढीच ओवून टाका. लोंबणारं टोक दिसलं की लहान मुलं ते ओढतातच, आणि त्यांचा त्यात काही दोष नाही.

मीटरपेक्षा उंच काम असेल तर ते एकसंध विणू नका. ५० ते ६० सेंटिमीटरचे वेगळे तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे खांबाला बांधा. एकसंध आवरणाचं सगळं वजन वरच्या कडेवर येतं. पावसात टाक्यांच्या पोकळीत पाणी भरलं की ते वजन कितीतरी वाढतं आणि वरचे टाके ताणून उभे लांबट होतात. तुकडे केले तर प्रत्येकाला आपापलंच वजन पेलायचं असतं. एखादा तुकडा फाटला तर तेवढाच बदलताही येतो.

क्रोशा करणाऱ्यांसाठी हिशेब थोडा वेगळा. क्रोशाचं कापड कमी ताणतं म्हणून घेरात दहाऐवजी तीन ते पाच टक्केच कमी करा आणि लोकर साधारण एक-तृतीयांश जास्त धरा. क्रोशातल्या ‘खांब’ नावाच्या उंच टाक्यांच्या ओळींपेक्षा ‘मुका खांब’ या आखूड टाक्यांच्या ओळी दाट बसतात, बाहेरच्या कामाला त्या बऱ्या. क्रोशाचा मोठा गुण असा, की सुईवर एका वेळी एकच टाका उघडा असतो. त्यामुळे धागा तुटला तरी विणलेल्या कापडासारखी शिडी भराभर खाली उतरत जात नाही. लोक सतत हात लावतील अशा जागी क्रोशाच निवडा.

चढवणं

कोरडा दिवस, भरपूर उजेड आणि दोन माणसं. पिशवीत लोकर ओवायच्या बोथट टोकाच्या दोन सुया (एक हमखास पडते), कात्री, टेप, कपडे वाळत घालायचे सात-आठ चिमटे, शिवणीची लोकर, खांब पुसायला कोरडं फडकं आणि नावाची चिठ्ठी. जमिनीवर उभं राहून हात पोहोचेल तेवढ्याच उंचीवर काम करा. शिडीची गरज पडेल अशी जागा पहिल्या वर्षी निवडू नका.

खांब पुसून घ्या. धुळीवर आवरण सरकतं आणि आतून काळंही पडतं. आता आवरण खांबाभोवती गुंडाळा, शिवण पादचाऱ्यांच्या नजरेपासून मागे जाईल असं फिरवा आणि वर, मध्ये, खाली चिमटे लावा. घेर कमी ठेवल्यामुळे दोन कडा एकमेकींपर्यंत सहज येणार नाहीत, तीन-चार सेंटिमीटरची फट राहील. असंच व्हायला हवं. दर २० सेंटिमीटरवर लोकरीचा एक तुकडा आरपार ओवून कडा जवळ खेचा आणि तात्पुरती गाठ मारा. मदतनीस दोन्ही तळव्यांनी कापड दाबून धरतो तेव्हा हे सोपं जातं.

मग शिवण, वरून खाली. कडेजवळ नीट बघा: पहिल्या आणि दुसऱ्या टाक्याच्या मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतात. सुई डावीकडच्या एका पायरीखालून काढा, मग उजवीकडच्या समोरच्या पायरीखालून, पुन्हा डावीकडच्या पुढच्या पायरीखालून. सुरुवातीला धागा सैलच दिसेल आणि मध्ये एक नागमोडी जाळी तयार होईल. पाच-सहा सेंटिमीटर झाले की धागा खांबाला समांतर, खालच्या दिशेनं, हळू आणि एका दमात खेचा. दोन्ही कडा एकमेकींकडे वळून मिटतात आणि शिवण दिसेनाशी होते. धागा बाहेरच्या दिशेनं, झटका देऊन खेचला तर मात्र तो तुटतो. तात्पुरत्या गाठीपाशी पोहोचलात की ती सोडा आणि पुढे चला.

शिवणीसाठी आवरणात नसलेला एखादा रंग घ्या. शिवण आत मिटत असल्यानं तो बाहेरून दिसत नाही, पण काढायच्या दिवशी नेमका कुठला धागा कापायचा ते लगेच सापडतं.

आता तो उंचवटा. आवरणाच्या वरच्या कडेतून साखळी टाक्यांची एक दोरी कमरेच्या नाडीसारखी ओवा आणि तिची गाठ त्या पट्ट्याच्या किंवा बोल्टच्या वर बांधा. गुळगुळीत रंगवलेल्या लोखंडावर नुसत्या ताणावर विसंबू नका. कोरडं असताना आवरण टिकतं आणि पहिल्या जोरदार पावसात घसरतं. उंचवटा अजिबातच नसेल तर घेर दहाऐवजी पंधरा टक्के कमी करा आणि पूर्ण आवरण दोन सुलट-दोन उलट विणा. गोंद, दुहेरी चिकटपट्टी, तार, खिळे यांपैकी काहीही वापरायचं नाही. ते खांबाचा रंग घेऊन निघतात आणि पुढच्या माणसाची परवानगीही घेऊन जातात.

चिठ्ठी जाड, पाण्यात न विरघळणाऱ्या कागदाची किंवा कापडाची. कामाचं नाव, गटाचं नाव, परवानगी कोणाची आणि काढण्याची तारीख. तारीख वाचली की लोक त्याला बेवारस समजत नाहीत.

झाड असेल तर

झाड जिवंत आहे. इथे नियम कडक.

खोड खाली जाड आणि वर निमुळतं, म्हणून घेर दर २०–२५ सेंटिमीटरवर मोजा. साल खडबडीत असल्यानं लोकर तिला धरते, तेव्हा घेरात पाच टक्केच कमी करा. चढवल्यावर आवरण आणि खोड यांच्यात दोन बोटं सहज जायला हवीत. समजा खाली घेर ९० आहे आणि १५० सेंटिमीटर उंचीवर ७८. पाच टक्के वजा करून, आधीच्याच नमुन्याच्या हिशेबानं खाली १५४ टाके आणि वर १३४ टाके लागतील. शिवणीचे दोन-दोन वेगळे. म्हणजे ३६० ओळींत २० टाके कमी करायचे. दोन्ही कडांना एकेक असे एका वेळी दोन, म्हणजे दहा वेळा, दर ३६ ओळींनी एकदा. खोड मध्येच फुगलेलं असेल तर प्रत्येक टप्प्याचा हिशेब वेगळा करा. फांदी आडवी आली तर शिवण त्या बाजूला आणा आणि फांदीच्या जागी ती उघडी सोडा.

झाडावर नायलॉनचे पट्टे किंवा तार कधीच नको. खोड वाढतं, पट्टा वाढत नाही, आणि तो सालीत रुतला की त्याखालच्या भागाचा रसप्रवाह अडतो. लोकर ताणते म्हणून ती थोड्या काळासाठी सुरक्षित आहे, कायमची नाही. ओलं कापड सालीला चिकटून राहिलं की बुरशी आणि कीड यांना आसरा मिळतो, आणि सालीवरचं शेवाळ, दगडफूल उजेडाला मुकतं. कोरड्या ऋतूत, तीन ते चार आठवडे ही मर्यादा पाळा. सलग पावसाच्या दिवसांत झाड झाकू नका. घरटं, ढोली, मुंग्यांची रांग, नव्यानं लावलेलं रोप, आधीच आजारी दिसणारं झाड यांपैकी काही असेल तर दुसरं झाड शोधा. लांब झालरी, सैल वेटोळी, लोंबते गोंडे झाडावर लावू नका, पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात.

गटाचं काम

मोठी वस्तू एकट्यानं होत नाही. २००६ मध्ये मारियान योर्गेन्सन यांनी कोपनहेगनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला एक रणगाडा इराक युद्धाच्या निषेधासाठी गुलाबी विणकामानं झाकला. त्यासाठी अनेक देशांतल्या विणणाऱ्यांनी ४,००० हून जास्त चौकोन पाठवले होते, प्रत्येक १५ बाय १५ सेंटिमीटरचा. एवढ्या वेगवेगळ्या हातांचं काम जुळलं ते टाक्यांऐवजी माप ठरवून दिल्यामुळे. प्रत्येकाच्या हाताचा ताण वेगळा असतो. ‘३० टाके घाला’ असं सांगितलं तर एकाचा चौकोन १४ सेंटिमीटरचा येतो, दुसऱ्याचा १८ चा. ‘१५ बाय १५ भरला पाहिजे’ असं सांगा आणि प्रत्येकाला पुठ्ठ्याचा तेवढाच चौकोन द्या. विणलेला तुकडा त्यावर ठेवून बघता येतो. सगळे चौकोन जमल्यावर एकाच व्यक्तीनं एकाच रंगानं प्रत्येकाभोवती क्रोशाची एक फेरी घातली की उरलासुरला फरकही झाकला जातो. लागतील त्यापेक्षा दहा टक्के चौकोन जास्त मागवा.

जोडाजोडी घरी, सपाट जमिनीवर करा. जागेवर फक्त शेवटच्या शिवणी उरल्या पाहिजेत. दोन तास वाऱ्यात उभं राहून चौकोन जोडणाऱ्या माणसांचे टाके हमखास सैल पडतात.

देखभाल आणि उतरवणं

पहिली फेरी दुसऱ्या दिवशी, दुसरी पहिल्या पावसानंतर लगेच, मग आठवड्यातून एकदा. सोबत सुई, कात्री आणि बाजूला ठेवलेली लोकर. आवरण थोडं घसरलं असेल तर वर ओढून नाडी पुन्हा बांधा. पण आठवडाभरात दोनदा घसरलं, तर नाडी आवळून उपयोग नाही, घेर चुकला आहे. अशा वेळी शिवण उसवा, दोन्ही कडांचे दोन-तीन टाके आत घेऊन पुन्हा शिवा. टाका सुटून शिडी उतरू लागली असेल तर क्रोशाच्या सुईनं सुटलेला टाका एकेक पायरी वर आणा आणि वर पक्कं बांधा. कुणी मुद्दाम कापलं असेल तर ते दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका, संपूर्ण तुकडा काढून घ्या. फाटकं काम तसंच राहिलं की ते आणखी फाडायला लोकांना जणू मुभाच मिळते. कुणी तुमचं आवरण चोरून नेलं तर वाईट वाटतं, वाटणारच. रस्त्यावर ठेवलेल्या कामात ही शक्यता आधीपासून धरलेली असावी.

रंग विटला, खालची कड काळी पडली, कापड भुरभुरीत लागू लागलं, यांपैकी काहीही दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता उतरवा. तारीख आली आणि काम अजून छान दिसतंय, लोक ‘राहू द्या’ म्हणताहेत, तरीही उतरवा. फार तर परवानगी देणाऱ्यांकडून वाढीव तारीख लेखी घ्या.

काढताना वरची नाडी शेवटपर्यंत बांधलेली राहू द्या. खालून सुरुवात करून वेगळ्या रंगाचा शिवणीचा धागा दर पाच-सहा सेंटिमीटरवर कापा आणि तुकडे ओढून काढत वर जा. शेवटी नाडी सोडली की आवरण एका कापडासारखं हातात येतं. झाड असेल तर सालीवर किडे चिकटलेले नाहीत ना ते बघून, आवरण उलटं करून तिथेच झाडाच्या पायाशी झटका.

घरी आणून कोमट पाण्यात साबण घालून भिजवा, दोनदा खळबळून सपाट वाळवा. चांगल्या स्थितीतले चौकोन जोडून पांघरुणं होतात. २०१३ मध्ये पिट्सबर्ग शहरात अँडी वॉरहॉल पुलाला शेकडो विणलेल्या पट्ट्यांनी सजवलं होतं, तेव्हा उतरवलेल्या पट्ट्या धुऊन गरजूंना देण्यात आल्या. प्राण्यांची निवारागृहंही अशी कापडं आनंदानं घेतात. फारच झिजलेले तुकडे उशीत किंवा गादीत भरायला वापरा, पण उघड्यावर टाकू नका.

आणि निघण्यापूर्वी जमिनीकडे बघा. कापलेल्या शिवणीचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे गवतात, फरशीच्या फटींत पडलेले असतात. पक्षी ते घरट्यासाठी उचलतात आणि पिल्लांच्या पायांना ते गुंडाळले जातात. गुडघ्यावर बसून सगळे वेचा आणि मोकळ्या खांबाचा एक फोटो काढून परवानगी देणाऱ्यांना पाठवा.